गायमुखच्या घाटानंतर

नौपाडा, ठाणे

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

रविवारी वसईहून परतताना गायमुखच्या घाटात आपल्यात जे बोलणे झाले, त्यानंतर तू न जेवताच खारघरला निघून गेलास आणि तेव्हापासून फक्त आईशीच बोलतोस, म्हणून हे पत्र. उपदेश करायचा नाही, असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

चढणीवर माल भरलेला ट्रक होता आणि त्याच्यामागे स्कूटरवर एक वृद्ध गृहस्थ, पायांशी गॅसचा सिलिंडर घेतलेले. तू तीन-चार वेळा हॉर्न वाजवलास, तसे ते दचकले, स्कूटर डगमगली आणि त्यांनी एक पाय रस्त्यावर टेकवला. त्यांची चप्पल तिथेच राहिली. तू डावीकडून गाडी काढलीस, पण ती चप्पल मला आरशात वळण येईपर्यंत दिसत होती. त्या वेळी मी जे शब्द वापरले, ते सूनबाईंसमोर वापरायला नको होते. त्याचे मला वाईट वाटते. म्हणणे मात्र मागे घेत नाही.

न्हावा-शेवा बंदर आणि गुजरात यांच्यात ये-जा करणारे ट्रक त्याच रस्त्याने जातात आणि भरलेला ट्रक चढावर सावकाशच चालणार. समजा, पुढचे दहा किलोमीटर तू ताशी 40 ऐवजी 60 ने गेलास, तर 15 मिनिटांची 10 मिनिटे होतात. वाचलेली पाच मिनिटे मानपाड्याच्या कोंडीत उभे राहून जातात. उलट 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे सरकते, आणि ब्रेक लावल्यावर थांबायला 40 च्या तुलनेत सव्वादोन पट अंतर लागते. वागळे इस्टेटला शिकाऊ मुलांना हेच गणित मी फळ्यावर मांडून दाखवत असे. पुन्हा शिकवणी सुरू झाली, क्षमा कर.

तू चार वर्षांचा होतास तेव्हा आपल्या चेतक स्कूटरवर माझ्यापुढे उभा राहायचास, आरशाची दांडी मुठीत धरून. कोणी पुढे गेले की ‘बाबा, त्याला गाठा’ म्हणायचास. एकदा तलावपाळीवर तुझ्या हट्टापायी मी खरोखरच वेग वाढवला होता आणि तू खदाखदा हसला होतास. ही गोडी तुला मीच लावली की काय, या विचाराने हल्ली रात्री जाग येते.

गेल्या वर्षी माजिवड्याला मागून रुग्णवाहिका आली, तेव्हा काच खाली करून, हात हलवून तू पुढच्या दोन रिक्षा बाजूला घ्यायला लावल्यास आणि स्वतः सिग्नल सुटल्यावरही थांबून राहिलास. मी शेजारी गप्प बसलो होतो, पण घरी येऊन आईला ते दोनदा सांगितले. तुला तेव्हाच सांगायला हवे होते.

वाशीची पाळी सुटल्यावर रात्री पाम बीच रोड मोकळा असतो, असे तू म्हणतोस. तात्यांच्या अपघाताच्या वेळीही रस्ता मोकळाच होता. त्यांच्या चष्म्याची एक काच अजून आईच्या कपाटात रुमालात गुंडाळलेली आहे. तेवढ्यासाठी सांगतो, रात्री सावकाश ये. हे आधीही सांगितले आहे, ठाऊक आहे.

शनिवारी तुम्ही दोघे या. कितीही उशीर झाला तरी चालेल. भाकऱ्या तुम्ही आल्यावरच टाकायच्या, असे आईने ठरवले आहे. मी गॅलरीत बसलेला असेन.

तुझे,
बाबा