मंत्रीसाहेब, नेल गनच्या छोट्या बटणाकडे जरा बघा

मा. श्रम आणि कौशल्य विकास मंत्री, गुजरात राज्य, गांधीनगर

साहेब, नमस्कार.

पत्र मराठीत लिहितोय, सांभाळून घ्या. गुजराती दिवसभर बोलतो पण लिहायला बसलं की ऱ्हस्व-दीर्घाची वाट लागते, आणि बडोद्याच्या कुठल्याही सरकारी ऑफिसात मराठी वाचून दाखवणारा एक तरी माणूस निघतोच. आमची चौथी पिढी इथे. दांडिया बाजारात घर, मकरपुऱ्याकडे छोटं फर्निचरचं वर्कशॉप, चार मिस्त्री आणि दोन हेल्पर, एवढाच पसारा.

मागच्या वर्षी मी बॅटरीवर चालणारी नेल गन, म्हणजे खिळे मारायची गन, घेतली. कंप्रेसरच्या हवेवर चालणारी एफ-थर्टी गन आमच्याकडे आधीपासून होती, पण फ्लॅटमध्ये काम करताना कंप्रेसर वर चढवा, त्याचा आवाज, सोसायटीवाल्यांची कटकट, दुपारी दोन ते चार काम बंद, या सगळ्याला कंटाळलो होतो आणि नवीन गनला ड्रिलचीच १८ व्होल्टची बॅटरी बसत होती म्हणून घेऊन टाकली. मिस्त्री खूश. बीडिंग म्हणजे कडेची लाकडी पट्टी मारायला, वॉर्डरोबची मागची प्लाय मारायला एकदम मस्त, एका हाताने काम होतं, लाकूड फाटत नाही. गन वाईट नाही हे आधीच सांगून ठेवतो कारण मला भीती अशी आहे की तुमच्या खात्याला बंदी सोडून दुसरं काही सुचायचं नाही.

तर भायलीला एका फ्लॅटचं काम चालू होतं. मी तिथे नव्हतो, मालक मंडळी अशा वेळी नेमकी नसतातच. मिस्त्री बीडिंग मारत होता आणि आमचा हेल्पर, एकोणीस वर्षांचं पोरगं, डाव्या हाताने बीडिंग धरून उभं. गनने एक खिळा मारला, झटका बसून ती उसळली आणि परत टेकली ती पोराच्या बोटावर, दुसरा खिळा तिथेच सुटला. पहिल्या बोटाच्या मधल्या सांध्यात. पोराने पक्कड घेऊन स्वतःच उपटला आणि वर फडकं बांधलं. मला फोन आला तेव्हा मी काय म्हणालो सांगू? म्हणालो, हळद लाव, उद्या सुट्टी घे. तिसऱ्या दिवशी बोट वांग्यासारखं झालं तेव्हा डॉक्टरकडे नेलं, एक्स-रे काढला, आत पू झाला होता, ऑपरेशन झालं. आज ते बोट अर्धंच वळतं. त्याला रंधा धरता येत नाही. ही माझी चूक आहे आणि हे पत्र मी त्याच चुकीतून लिहितोय, उगाच समाजसेवक व्हायचं म्हणून नाही.

नंतर मी ती गन हातात घेऊन नीट पाहिली. ट्रिगरच्या वर एक छोटं बटण आहे, त्यावर एका बाजूला एका खिळ्याचं चित्र, दुसऱ्या बाजूला तीन खिळ्यांचं. आम्ही त्याला 'स्लो' आणि 'फास्ट' म्हणायचो आणि अर्थातच फास्टवर ठेवायचो, स्लो कोण वापरणार? प्रत्यक्षात भानगड वेगळी आहे. एका खिळ्यावर ठेवलं तर आधी गनचं नाक, म्हणजे खिळा सुटतो ते टोक, लाकडावर दाबायचं, मग ट्रिगर ओढायचा, खिळा सुटतो, आणि पुढच्या खिळ्यासाठी ट्रिगर सोडून नाक उचलून सगळं पहिल्यापासून. तीन खिळ्यांवर ठेवलं तर ट्रिगर दाबूनच ठेवायचा आणि नाक जिथे जिथे टेकेल तिथे खिळा सुटणार, मग ते लाकूड असो, मांडी असो नाहीतर हेल्परचं बोट. गन झटक्याने उसळून परत टेकते तेव्हा दुसरा खिळा निघतो तो ह्याच मोडमुळे. सहा महिने ते बटण माझ्या डोळ्यासमोर होतं.

अमेरिकेत कामगार सुरक्षेच्या सरकारी संस्थांनी २०११ मध्ये नेल गनवर एक छोटी पुस्तिका काढली होती, त्यात सरळ लिहिलंय की त्या टेकवून मारायच्या मोडमध्ये जखमेचा धोका एकेक करून मारण्याच्या दुप्पट असतो, आणि घरं बांधणाऱ्या शिकाऊ सुतारांना विचारलं तर चार वर्षांत पाचातल्या दोघांना ह्या गनने लागलेलं होतं. अर्ध्याहून जास्त जखमा हात आणि बोटांच्या. तिथे लाकडाच्या फ्रेमची घरं असतात, मोठे खिळे, आपल्याकडे १८ गेजचे ब्रॅड म्हणजे बारीक खिळे, हे मला कळतं, पण आमच्या पोराच्या सांध्यात शिरला तो असाच बारीक ब्रॅड होता.

आणि कॉर्डलेसची एक वेगळीच गंमत आहे. कंप्रेसर चालू असला की सगळ्यांना कळतं की गन जिवंत आहे, पाइप काढला की ती मेली. बॅटरीवाली गप्प पडून असते, ड्रिलसारखी दिसते, आणि माणूस तिला ड्रिलसारखाच वागवतो. खिळा अडकला की नाकात स्क्रूड्रायव्हर घालतो, बॅटरी आतच. शिडीवर चढतो, बोट ट्रिगरवरच. दुसऱ्याला देतो ती नाक पुढे करून. आमच्याकडे आता नियम असा की खिळा अडकला, खिळे भरायचे, शिडी चढायची, गन खाली ठेवायची किंवा दुसऱ्याला द्यायची तर आधी बॅटरी बाहेर, आणि अडकलेला खिळा काढताना उरलेल्या खिळ्यांची पट्टी पण बाहेर. धरणारा हात नाकापासून निदान एक फूट लांब, तेवढी जागा नसेल तर क्लॅम्प लावा, पोराला धरायला सांगू नका. प्लायच्या कडेत मारताना तर जास्तच सांभाळायचं, आत गाठ किंवा कडक थर लागला की बारीक खिळा वळतो आणि बाजूने बाहेर येतो, तिथे बोट असलं तर बोटात. चष्मा घालायचाच, शंभर-दीडशे रुपयांचा मिळतो, मिस्त्री कुरकुरतात की घामाने धूसर होतो, मे महिन्यात बडोद्यात होतोच, मग पुसा आणि परत घाला.

खिळा लागलाच तर स्वतः उपटायचा नाही. त्यावर गोंद असतो, पट्टीचा प्लास्टिक-कागद असतो, तो आत राहतो, हाडाला लागलं की नाही हे बाहेरून दिसत नाही. खिळा तसाच ठेवून डॉक्टरकडे जायचं, त्याच पट्टीतला एक खिळा दाखवायला बरोबर न्यायचा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी हळद म्हणालो नसतो.

आता तुमच्याकडे काय मागतोय ते सांगतो. तुम्ही म्हणाल कायदा आहे. आहे, पण १९९६चा बांधकाम कामगारांचा जुना कायदा घ्या नाहीतर त्याच्या जागी आलेला कामगार सुरक्षेचा २०२०चा नवा कोड घ्या, दोन्हीकडे दहा माणसांची अट आहे, आणि फ्लॅटचं इंटिरियर करायला दहा माणसं कोण लावतं? तिथे चौघं असतात आणि इन्स्पेक्टर कधीच येत नाही, तो यावा असंही मी म्हणत नाही. मी म्हणतोय प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेबद्दल. सप्टेंबर २०२३ पासून चालू आहे, अठरा धंद्यांत सुतार आहे, पाच ते सात दिवसांचं बेसिक ट्रेनिंग, दिवसाला ५०० रुपये, वर अवजारांसाठी १५,००० चं व्हाउचर. योजना केंद्राची, पण आपल्या राज्यातलं ट्रेनिंग तुमच्या कौशल्य खात्याच्या नजरेखालून जातं असं मी धरून चालतो. अवजारांना पैसे देताय ना, मग त्या पाच दिवसांतला अर्धा दिवस ह्या गनला द्या. आयटीआयच्या सुतारी ट्रेडमध्ये पण द्या. ते बटण दाखवा, नाक दाबून दाखवा, बॅटरी काढायची सवय पोरांच्या हाताला लावा. ई-निर्माण कार्डवाल्या, म्हणजे सरकारकडे नोंदलेल्या, बांधकाम कारागिरांना मोबाइलवर दोन मिनिटांचा गुजराती-हिंदी व्हिडिओ गेला तरी पुष्कळ.

आणि दुकानदारांना एक साधं सांगा, की गन विकताना बटण एका खिळ्यावर लावूनच द्यायची आणि आत गुजराती, हिंदीत एक पान घालायचं. माझ्या डब्यात इंग्रजी आणि चिनी पुस्तक होतं. ह्याच बडोद्यात सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढलं, त्रिभुवनदास गज्जरांना नेमलं, ते कारागिराच्या पोराला त्याच्याच भाषेत यंत्र समजावं म्हणून. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. आता आमच्या मिस्त्रीला तीन खिळ्यांच्या चित्रावरून अंदाज बांधावा लागतोय.

गणपती जवळ आलेत, त्याच्या मागून नवरात्र. मांडवाचे आणि गरब्याच्या स्टेजचे प्लाय-फ्रेम रात्रभर मारले जातील, आणि मी डोळ्यांनी पाहिलंय, लांबून मारता यावं म्हणून गनचं नाक बाइंडिंग वायरने मागे बांधून ठेवतात, म्हणजे ते कायम दाबलेलंच. विचारलं तर उत्तर ठरलेलं, कंई नइ थाय, काही होत नाही. रात्रीचे तीन वाजलेले, पोरं दोन दिवस झोपलेली नाहीत, गन फास्टवर. निदान तेवढ्यापुरतं तरी कॉर्पोरेशन जेव्हा मंडपाची परवानगी देते त्या कागदाबरोबर एक सूचना जाऊ द्या.

ट्रेनिंगला गन पाहिजे असेल तर माझी घेऊन जा, प्लाय मी देतो, आणि आमचा हेल्पर येऊन बोट दाखवायला तयार आहे. त्याला विचारलंय. रोजाचे पैसे मात्र द्या म्हणतोय, आणि ते बरोबरच आहे.

आपला,
दांडिया बाजारातला एक फर्निचरवाला
बडोदा