एका पॉइंटचा खेळाडू

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तुझा व्हीलचेअर बास्केटबॉलचा सामना पाहून पुण्याहून रात्रीच्या एस.टी.ने सांगलीला पोहोचलो. "नीट खेळला का?" असे तुझ्या आईने दारातच विचारले, तेव्हा मला चटकन उत्तर सुचले नाही, कारण तू एकही बास्केट केली नव्हतीस आणि तरीही तुला जवळजवळ पूर्ण वेळ मैदानावर ठेवले होते.

तू खुर्चीसकट आडवा झालास तेव्हा मी धावत निघालो आणि तुझ्या प्रशिक्षकांनी "काका, तुम्ही बसा" म्हणून मला थांबवले, याचा त्या क्षणी मला राग आला होता. तुझ्या जोडीदाराने खुर्ची धरून तुला सरळ केले, तू तळहात पँटला पुसलेस आणि पुन्हा चाकांना हात घातलास. त्या हातांवरचे घट्टे मी प्रथमच पाहिले. अपघातानंतर सहा वर्षे तू पडू नयेस म्हणून मी घरातले उंबरे काढले, तुला एकट्याला गल्लीच्या टोकापर्यंतही जाऊ दिले नाही आणि त्यालाच माया समजत राहिलो.

पॉइंटचे गणित मला तुझ्या मित्राने मध्यंतरात समजावले. ज्याच्या धडाला तोल राहत नाही त्याला एक पॉइंट, ज्याचे अपंगत्व सर्वांत कमी त्याला साडेचार, आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज चौदाच्या वर जाता कामा नये. म्हणजे तुझ्यासारखा एका पॉइंटचा खेळाडू नसेल तर साडेचारवाल्यांना उतरवायला जागा काढणे अवघड होते. अपंगत्वाच्या दाखल्यासाठी आपण किती खेटे घातले, ते आठव. चाळीस टक्के भरले तरच सवलत मिळणार, म्हणून तुला काय काय जमत नाही हे मीच तुझ्यादेखत डॉक्टरांना मोजून दाखवत होतो. तेच अपंगत्व इथे संघाच्या हिशेबात जमेला धरले जाते. शिवाय नियमाप्रमाणे खुर्ची हा खेळाडूच्या शरीराचाच भाग. तू ती आडवी घालून प्रतिस्पर्ध्याची वाट अडवायचास आणि तेवढ्यात तुमचा उंच गडी बास्केटखाली पोहोचायचा. बास्केट मात्र सगळ्यांसारखी दहा फुटांवरच, हे मला विशेष आवडले.

सामन्याआधी तुम्हाला हार घालून "प्रेरणादायी" म्हणणारे पाहुणे खेळ सुरू होण्यापूर्वीच निघून गेले, हे मात्र खटकले. आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियुद्ध खेळत. 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्यावर पोहण्याकडे वळले आणि 1972 साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पन्नास मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक त्यांनी जिंकले. त्यांना पद्मश्री मिळाली 2018 साली. मीही जन्मभर याच जिल्ह्यात राहिलो आणि इतकी वर्षे मला त्यांचे नाव ठाऊक नव्हते, तेव्हा पाहुण्यांना तरी किती बोल लावू?

पुढच्या सामन्याची तारीख कळव. या वेळी आईही येईल म्हणते आहे. तिची खुर्ची मागच्या रांगेत धर, नाहीतर तू आडवा झालास की ती धावेल आणि तिला "बसा" म्हणण्याची तुझ्या प्रशिक्षकांची छाती होणार नाही.

तुझा,
बाबा