आतड्यातील पेशींचे मरण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

‘तिखट खाल्लेस म्हणून आतडे सुजले’ हे वाक्य माझी धाकटी बहीण अल्सरेटिव्ह कोलायटिसच्या (मोठ्या आतड्याच्या अस्तराला दीर्घकाळ दाह होण्याचा आजार) निदानापासून ऐकत आली आहे, आणि दर वेळी ती मान खाली घालून ताटातला मऊ भात कालवत राहते. वस्तुतः आतड्याचे अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवे होते आणि त्यासाठी जुन्या पेशी शेजारच्या पेशींना धक्का न लावता, ठरल्याप्रमाणे मरतात. या आजारात, तसेच क्रोन्स या आतड्याच्या दुसऱ्या दाहक आजारात, हा क्रम बिघडतो. पेशी प्रमाणाबाहेर मरतात, काही फुटून त्यांतील द्रव्ये बाहेर सांडतात, अस्तराला खिंडार पडते आणि जिवाणू आत शिरून दाह भडकतो. उंदरांच्या आतड्याच्या अस्तरातून पेशींचे ठरल्याप्रमाणे मरणे सांभाळणारे कॅस्पेस-८ हे विकर (एन्झाइम) काढून टाकल्यावर लहान आतड्याच्या टोकाला आपोआप दाह होतो, हे जर्मनीतील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवले होते. इन्फ्लिक्सिमॅबसारखी औषधे दाह पेटवणारे टीएनएफ हे शरीरातील प्रथिन रोखतात. मात्र त्यांमुळे दबलेला क्षयरोग उसळू शकतो, म्हणून आपल्याकडे आधी क्षयाची तपासणी अत्यावश्यक ठरते. आपल्या आरोग्य पुरवणीने पथ्याच्या याद्यांऐवजी हे शास्त्र मराठीत सविस्तर मांडावे, ही कळकळीची विनंती.

आपली नम्र,
एक वाचक, पुणे