दार चाचपायची सवय

प्रिय पोरी,

काल फोनवर तू "मी ठीक आहे बाबा" म्हणालीस. अग्निशमन दलातल्या माझ्या सगळ्या नोकरीत तुझ्या आईला मी हेच ऐकवलं, त्यामुळे त्यात काय दडलेलं असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

अँब्युलन्समध्ये तुझ्या हातात ते मूल गेलं, त्याला आठवडा झाला. झोप उडणं, सुटीतही सायरन ऐकू येणं, उगाच कुणावर तरी खेकसणं हे असं काही पाहिल्यावर होतंच. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. पण महिना उलटूनही तेच दृश्य अंगावर येत राहिलं, त्या रस्त्याने जायला नको वाटू लागलं, तर मनोविकारतज्ज्ञांकडे जायचं. या त्रासाला पीटीएसडी म्हणतात, म्हणजे आघातानंतर मनावर रेंगाळणारा ताणाचा विकार; हे नाव १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसूचीत आलं. आज त्यावर आघाताला धरून केलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातली थेरपी, आणि ईएमडीआर, म्हणजे डोळे हलवत ती आठवण हाताळायची पद्धत, असे चांगले उपचार आहेत. फार असह्य झालं, जगणं नको वाटलं, तर महिन्याची वाट बघू नकोस. त्याच दिवशी जा, रात्र असेल तर मला उठव.

बोलायची सक्ती मात्र कुणाची ऐकू नकोस. आम्हाला एका मोठ्या आगीनंतर गोल बसवून एकेकाकडून सगळं वदवून घेतलं होतं. हेतू चांगलाच होता. पुढे अभ्यासांत दिसलं की अशा एका बैठकीने पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ची मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिकाही सांगते की ऐकून घ्या, पण खोदून विचारू नका. बरोबरच्या ड्रायव्हरजवळ शांत बसलीस तरी चालेल. फक्त दारूने झोप आणू नकोस. आमच्यातले दोघे त्याच वाटेने गेले.

मी स्वतः काय केलं? काही नाही. तू लहान असताना रात्री उठून तुझ्या खोलीच्या दाराला हाताची मागची बाजू लावून बघायचो, पलीकडे आग असल्यावर बघतात तसं. वाटायचं, तुझी आई झोपलेली असते. निवृत्तीनंतर एकदा तिला सांगायला लागलो, तर म्हणाली, "मोजत होते मी. कधी तीनदा, कधी पाचदा."

शनिवारी तुझी नाइट नाही ना? फोन करतो. काही बोलली नाहीस तरी फोन ठेवणार नाही.

तुझा,
बाबा