तात्यांच्या मांडीवरची पिशवी उचलणाऱ्या इंजिनवाल्या दादांस

मुरूड, ता. दापोली

आदरणीय दादा,

स. न. वि. वि.

आपले नाव कुठेही लिहू नये असे आपण निघताना मोटारसायकलवर बसल्या बसल्या बजावले होते, म्हणून ते लिहीत नाही. हर्णै बंदरावर होड्यांची इंजिने दुरुस्त करणारे दादा, एवढ्यावरच मी थांबते. बाकीचे मात्र सगळे लिहिणार आहे. आपण येऊन गेल्याला पंधरा दिवस होऊन गेले, तरी ती सकाळ डोळ्यांसमोरून हलत नाही, आणि त्या दिवशी ज्याबद्दल आपले आभार मानायला हवे होते ते सोडून मी चहा गोड झाला का एवढेच विचारत बसले.

आमच्याकडे गवत कापायची गाडी आहे याचे आपल्याला आधी हसू आले होते. नारळी-पोफळीच्या वाडीत बसून चालवायच्या लॉनमोअरचे काय काम, हा प्रश्न रास्तच आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने आमची वाडी एका दिवसात आडवी केली. नवे माड लावले, पोफळी लावल्या, पण मधली दीड एकर जागा उघडी पडली ती पडलीच, आणि पाहुण्यांची मुले तिथे खेळू लागल्यावर आम्हीही ती तशीच राहू दिली. पावसाळा सरला की तिथे कमरेएवढे गवत उभे राहते. म्हणून माझ्या भाच्याने ही गाडी कुणाकडून तरी जुन्या बाजारभावाने आणली. तिच्यावर कोण बसणार हा प्रश्नच नव्हता. तात्यांनी आयुष्यभर आमच्या माडांवर चढून नारळ पाडले. वादळानंतर त्यांना चढायला माड उरले नाहीत आणि नवे माड वाढेपर्यंत त्यांचे चढायचे वय उरणार नव्हते. गाडी आल्यावर त्यांना बसायला जागा मिळाली, असे मी म्हणत असे. ते स्वतः त्या सीटवर बसताना आधी तिच्या पाया पडत, हे मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून कितीदा तरी पाहिले आहे.

गणपती झाल्यावर पडवीतून गाडी बाहेर काढली, तेव्हापासून तिने असहकार पुकारला. दोन-तीन फेऱ्या नीट होत, चौथीच्या मध्यावर आवाज बदलत असे आणि गाडी गवतात उभी राहत असे. थोड्या वेळाने पुन्हा सुरू होई, पुन्हा तेच. दिवाळीच्या सुट्टीतल्या सगळ्या खोल्या भरलेल्या, आणि अंगणापुढे अर्धे कापलेले, अर्धे उभे गवत, जणू न्हाव्याने मध्येच उठून जावे तसे.

ज्यांनी ही गाडी आपल्याआधी पाहिली त्यांच्याविषयी मी फार बोलणार नाही, पण थोडे बोलल्याशिवाय राहवतही नाही. पहिल्यांनी ती टेम्पोत घालून नेली, एकोणीस दिवस ठेवली, प्लग आणि फिल्टर बदलून ६,४०० रुपये घेतले आणि ‘आमच्याकडे अर्धा तास चालवून पाहिली, काही दोष नाही’ असा शेरा मारून परत पाठवली. गवत न कापता, जागच्या जागी चालवून! दुसऱ्यांनी पेट्रोलवर ठपका ठेवला. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि ते हवेतला ओलावा ओढून घेते हे खरे, आणि आपल्या किनाऱ्यावर ओलाव्याला तोटा नाही हेही खरे. पण त्यांच्या सांगण्यावरून अख्खी टाकी ओतून नवे पेट्रोल भरले तेव्हा गाडी आधीपेक्षाही लवकर बंद पडली. तात्या तेव्हा म्हणाले होते, ‘काकू, टाकी भरली की ही लवकर मरते. अर्ध्यावर असली की जास्त चालते.’ मी त्यांना म्हटले, तात्या, असे कुठे असते का? हे वाक्य आज मला टोचते.

तिसरे गृहस्थ शहरातून आले होते आणि त्यांचे बोलणे सर्वांत ठाम होते. अशा गाडीच्या सीटखाली एक स्विच असतो. पाते फिरत असताना चालक सीटवरून उठला तर इंजिन बंद व्हावे, कुणाचा हातपाय पात्यात सापडू नये, यासाठी ती सोय असते. त्यांनी एकदा सीटकडे पाहिले, एकदा तात्यांकडे पाहिले आणि म्हणाले, ‘या माणसाचे वजनच पडत नाही, स्विच दाबला जाणार कसा?’ मग समुद्रावरून दहा किलो रेती आणवली, ती पिशवीत भरली आणि ती पिशवी मांडीवर घेऊन तात्यांनी गाडी चालवावी असे ठरले. गाडी तरीही बंद पडली तेव्हा फोनवर उत्तर आले की आणखी पाच किलो घाला. आम्ही तीही घातली. ‘आम्ही’ म्हणजे मी. ती पिशवी माझ्या हाताने शिवलेली होती. पाहुण्यांची मुले खिदळत आणि तात्या मान खाली घालून, पंधरा किलो रेती मांडीवर घेऊन, बंद पडलेल्या गाडीवर बसून राहत. आठ दिवस हे चालले होते.

आपण आमच्याकडे आला होतात ते विहिरीवरच्या पंपासाठी. मासेमारीचा हंगाम भरात होता, बंदरात कुणाची तरी होडी आपल्यासाठी खोळंबली होती आणि तसे आपण आल्याबरोबर सांगितलेही होते. पंप पाव तासात झाला. डोणीवर हात धुताना आपली नजर शेताकडे गेली आणि आपण विचारलेत, ‘ते आजोबा मांडीवर काय घेऊन बसलेत?’ मी सांगितले. आपण काही बोलला नाहीत. ओले हात तसेच पँटला पुसत आपण गवतातून चालत गेलात, आणि मीही मागोमाग आले, म्हणून पुढचे मला ऐकता आले.

आपण इंजिनाला हात लावला नाहीत. आपण तात्यांना विचारलेत, ‘तात्या, बंद पडायच्या आधी ही काय बोलते?’

दीड महिन्यात हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता, मीसुद्धा नाही. तात्या आधी माझ्याकडे बघू लागले. मग म्हणाले, ‘आधी रडते. मग तिला धाप लागते. मग गप होते.’ ‘आणि परत कधी उठते?’ ‘एक विडी संपली की उठते.’ टाकी भरली की लवकर मरते हेही त्यांनी आपल्याला सांगितले, आणि आपण ते ऐकून मान हलवलीत.

मग आपण दोन्ही हातांनी ती पिशवी त्यांच्या मांडीवरून उचललीत आणि गवतात ठेवलीत. त्यांच्या अर्ध्या चड्डीवर सांडलेली रेती आपल्या हाताने झटकलीत. आणि म्हणालात, ‘स्विचने बंद पडली असती तर फटकन पडली असती, रडत बसली नसती. तुमच्या वजनाचा काही दोष नाही.’

दादा, गाडी दुरुस्त झाली ती त्यानंतर. मला विचाराल तर माझे काम तिथेच झाले होते.

पुढचे आपल्याला ठाऊकच आहे. तात्यांनी गाडी चालवली, आपण मागून चालत राहिलात आणि ती रडू लागताच आपण पेट्रोलच्या टाकीचे झाकण फिरवलेत. ‘सुस्स’ असा आवाज झाला तो मी दहा पावलांवरून ऐकला. झाकणाला हवेसाठी एक बारीक भोक असते, पेट्रोल खाली उतरेल तसतशी त्यातून हवा आत यावी लागते, हे मला या वयात कळले. ते भोक कुंभारीण माशीने चिखलाने लिंपून टाकले होते. पावसाळाभर गाडी पडवीत होती आणि पडवीच्या वाशांवर त्या माशीची घरटी दरवर्षी असतात. तिला एवढेसे भोक म्हणजे तयार खोलीच. हवा आत जाईना, टाकीत ओढ बसे, पेट्रोल अडे आणि इंजिन उपाशी मरे. विडी संपेपर्यंत थोडी हवा कुठूनतरी झिरपे आणि ते पुन्हा उठे. टाकी भरलेली असली की आत मोकळी हवा कमी, म्हणून ओढ लवकर बसे. तात्या महिनाभर हेच सांगत होते.

याहून मौज अशी की आलेला प्रत्येक जाणकार पेट्रोल आहे की नाही हे पाहायला आधी झाकणच उघडत असे, त्याबरोबर हवा आत जाई, गाडी त्याच्यासमोर शहाण्यासारखी चालू लागे आणि तो पैसे घेऊन जाई. त्या माशीला हलके समजू नये हे मला नंतर वाचनातून कळले: फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन रिपब्लिकच्या किनाऱ्याजवळ एक विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे गेली, तेव्हा वेग मोजणाऱ्या नळीत अशाच माशीने घरटे केले असावे असा तपास करणाऱ्यांचा कयास होता. आमचे तर गवतच राहिले होते.

आपण खराट्यातला एक हीर ओढून घेतलात, त्याने ते भोक मोकळे केलेत, तोंडाने फुंकून पाहिलेत आणि झाकण तात्यांच्या हातात दिलेत, ‘तुम्ही फुंकून बघा’ म्हणून. समुद्रात इंजिन धापा टाकू लागले की आधी टाकीला श्वास मिळतो का ते बघायचे, एवढेच आपण समजावून सांगितलेत, आणि तेही त्यांना. माझ्याकडून पंपाचे दोनशे रुपये घेतलेत, पाचशेच्या नोटेतले तीनशे मोजून परत केलेत, आणि गाडीचे काय द्यायचे असे विचारल्यावर ‘ती तात्यांनी शोधली’ म्हणालात. हे आपण सौजन्याने म्हणालात असे मला आधी वाटले होते. आता वाटते की आपण नुसते खरे तेच सांगितलेत. कामाच्या माणसांत ही सरळ चाल अजून आढळते, आणि ती आढळली की घरातल्या शिकल्यासवरल्या माणसांना आपल्या वागण्याचा हिशेब मांडावा लागतो. मी तो मांडला. तात्यांची माफी मागितली तेव्हा ते ‘असू द्या काकू’ म्हणाले आणि लगबगीने कामाला लागले. त्यांना ते अवघड झाले होते हे दिसत होते, म्हणून मी दुसऱ्यांदा मागितली नाही.

रेती मी स्वतः समुद्रावर नेऊन ओतली. पिशवीत आता कोकमाची सोले आहेत. ती आणि थोडे नारळ पुढच्या आठवड्यात भाच्याबरोबर बंदरावर पाठवत आहे, आणि ते परत पाठवू नयेत. तात्या हल्ली टोपीत एक हीर खोचून असतात आणि गाडीवर बसण्यापूर्वी, पाया पडून झाल्यावर, झाकण काढून फुंकतात. हे पत्र लिहायला बसले आहे हे कळल्यावर त्यांनी निरोप दिला आहे, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते: ‘दादांना सांगा, टाकी गळ्यापर्यंत भरली होती, तरी दीड तास एकदाबी रडली नाही.’

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
वाडीतली काकू