सायलेन्सर चिरडा, पण घरी बांधलेली गाडी तपासून बघा

महोदय,

कर्णकर्कश सायलेन्सर रोड रोलरखाली चिरडल्याची बातमी आपल्या अंकात वाचली. त्या कारवाईला माझा पूर्ण पाठिंबा आहे. रात्री अकरा वाजता गल्लीतून फटाके फोडत जाणाऱ्या गाड्यांनी आमच्याकडची म्हातारी माणसं दचकून उठतात. मात्र त्यानंतर छापून आलेल्या वाचकपत्रांत ‘मॉडिफाय केलेली प्रत्येक गाडी जप्त करा’ अशी मागणी दिसली. तशी एक गाडी आमच्या परड्यात उभी आहे, म्हणून हे पत्र.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत टर्नर ट्रेडची, म्हणजे लेथ यंत्रावर धातू कापायला शिकवणारी निदेशक होते. निवृत्त झाल्यावर पुतण्याबरोबर त्याच्या वडिलांची १९८६ सालची येझदी रोडकिंग घरीच बांधायला घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची ही २५० सीसी टू-स्ट्रोक गाडी, दोन सायलेन्सरांची, किक आणि गिअर एकाच दांड्यावर असलेली. गडहिंग्लजच्या घरी गोठ्यात पडून होती. टाकीत गंज, वायरिंग उंदरांनी कुरतडलेलं, इंजिन जाम. पुतण्याला ती कॅफे रेसर करायची होती, म्हणजे हँडल खाली, सीट एकट्याची, अंगावर फालतू काही नाही. मी त्याला एकच अट घातली. आधी ब्रेक, मग इंजिन आणि रंगरूप सगळ्यात शेवटी.

ब्रेकचं काम मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण घरी गाडी बांधणारी बरीच मुलं नेमकं तेच टाळतात. चाकाच्या ड्रमला आतून दाबणारे शू नवीन लायनर लावून बसवले की ब्रेक झाला, असा सर्वसाधारण समज आहे. आम्ही रिम आणि स्पोक नवे घातले, चाकाचा आऊट, म्हणजे डगडग, काढला आणि मग ड्रमच्या आत डायल गेज, म्हणजे सूक्ष्म फरक काट्यावर दाखवणारं माप, लावून चाक हाताने सावकाश फिरवलं. काटा एकदा इकडे, एकदा तिकडे जात होता. स्पोक आवळले की त्यांच्या ओढीने ड्रम किंचित लांबट होतो. डोळ्यांना ते दिसत नाही, पण शू फक्त दोन ठिकाणीच टेकतो आणि ब्रेक दाबला की चाक धरतं, सोडतं, धरतं. म्हणून ड्रमचं टर्निंग, म्हणजे लेथवर आतून गोल कापणं, स्पोक बांधल्यावरच करायचं असतं, आधी करून उपयोग नाही. त्याला रिमसकट चाक मावेल असा मोठा लेथ लागतो. तो कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरमध्ये मिळाला. अगदी पातळ काप घेत पृष्ठभाग सगळीकडून सारखा चमकेपर्यंत काम केलं, मग शू त्या मापाला घासून बसवले. पुतण्या सुरुवातीला कंटाळला होता. पहिल्यांदा ब्रेक दाबल्यावर ‘आत्या, ही तर नव्या गाडीसारखी थांबते’ म्हणाला.

इंजिनात सिलिंडर बोअर करून पुढच्या ओव्हरसाइझचा, म्हणजे किंचित मोठा, पिस्टन टाकला, क्रँकला नवा कनेक्टिंग रॉड प्रेसवर बसवून घेतला आणि क्रँकचे ऑइल सील बदलले. क्लचकडचा सील गेला की गिअर ऑइल इंजिनात ओढलं जातं आणि गाडी पांढरा धूर सोडते. लोक त्याला जुन्या गाडीचा स्वभाव म्हणतात. तो स्वभाव नाही, थोडक्या पैशांचा एक रबरी सील आहे. जुना ६ व्होल्टचा संच काढून १२ व्होल्ट आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन केलं, त्यामुळे रात्री समोरचा खड्डा वेळेत दिसतो. सायलेन्सरच्या आतल्या नळ्या कॉस्टिकने धुऊन जशाच्या तशा परत घातल्या. त्या काढल्या की गाडी जास्त पळते हा गैरसमज आहे. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरमधून परतणारी दाबाची लाट पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरमध्ये अडवून धरते. नळ्या काढल्यावर आवाज वाढतो, खालच्या वेगातला जोर मात्र जातो.

चेसिसला आम्ही करवत लावली नाही. सीट, छोटा मडगार्ड, हँडल सगळं मूळ भोकांवर नट-बोल्टने बसवलं आहे आणि मूळ भाग पोत्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले आहेत.

आता कायद्याकडे येते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावरच्या सुरक्षिततेसाठी कठोर कायदा हवाच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ‘बदल’ म्हणजे वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पडेल असा बदल, असं कलम ५२ मध्येच म्हटलं आहे. खाली केलेलं हँडल त्यात मोडतं की नाही, हे आज चौकात उभ्या असलेल्या माणसाच्या समजुतीवर ठरतं. एकट्याची सीट बसवायला मागची फ्रेम कापणारा आणि ब्रेक ड्रम टर्न करून घेणारा असे दोघेही मग एकाच भीतीने एकाच अंधाऱ्या गल्लीतल्या गॅरेजात जातात. लपूनछपून केलेलं काम कुणी तपासत नाही. माझी खरी काळजी ही आहे.

फ्रेम कापणं किती वाईट, हे वेल्डिंग शिकलेल्या कुणालाही विचारा. फ्रेमची नळी पातळ भिंतीची असते. तिला साध्या आर्क वेल्डने जाड टाका मारला की टाका टिकतो, पण त्याच्या कडेची तापून गेलेली पट्टी कमजोर होते. शॉक ॲब्सॉर्बरचे धक्के रोज तिथेच बसतात. आपल्याकडचे रस्ते पाहता तिथे चीर पडायला फार काळ लागत नाही.

म्हणून माझी सूचना आहे की एकेक गाडी तपासून मंजूर करण्याची सोय परिवहन विभागाने करावी. ब्रिटनमध्ये मोटरसायकलसाठी अशी एकल मंजुरी चाचणी आहे. जर्मनीत टीयूव्ही या वाहन तपासणी संस्थेचा अभियंता बदल तपासतो आणि मग तो गाडीच्या कागदांवर चढतो. आपल्याकडेही ही वाट अगदी अनोळखी नाही. सीएनजी किट मान्यताप्राप्त असेल तर नोंदणी पुस्तकात चढतं. इलेक्ट्रिक किटची चाचणी पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेत होते. दिव्यांगांसाठी बाजूची चाके लावलेल्या दुचाकीची नोंद होते. रंग बदलला तरी अर्ज करून नोंद करता येते. मग मूळ चेसिस, मूळ इंजिन ठेवून बदललेलं हँडल आणि सीट तपासायला काय हरकत आहे? चेसिस क्रमांक आणि फ्रेम शाबूत, ब्रेकची ठरलेली क्षमता, हेडलाइटचा झोत, मीटरवर मोजलेला आवाज, पीयूसी, एवढं पाहिलं तरी पुरे. कारखान्यातून निघणाऱ्या १७५ सीसीवरील दुचाकीला आवाजाची ८० डेसिबलची मर्यादा आहे, तीच लावा. फ्रेम कापलेली आढळली तर तिथेच नापास करा, कुणाचीही ओळख चालवून घेऊ नका.

तपासणार कोण, हा प्रश्न येईल. जिल्ह्याजिल्ह्यात शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्था आणि तंत्रनिकेतने आहेत. तिथे डायल गेज आहेत, वेल्डिंग शिकवणारी माणसं आहेत आणि शिकणारी मुलं आहेत. परिवहन अधिकाऱ्याच्या सहीखाली प्राथमिक तपासणी तिथे करता येईल. शुल्क घ्या, आम्ही देऊ. २० वर्षांवरील दुचाकीचे नोंदणी नूतनीकरण शुल्क २०२५ मध्ये २,००० रुपये झालं, पर्यावरण कर वेगळा. जुनी गाडी रस्त्यावर ठेवायचे पैसे शासन घेतंच, तर त्या पैशांत ती नीट थांबते का हेही पाहिलं जावं.

काहीजण २०२१ च्या व्हिंटेज नियमांकडे बोट दाखवतील. ते नियम ५० वर्षांपुढच्या, चेसिस-इंजिनात मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांसाठी आहेत आणि त्या गाड्या रोजच्या वापराला काढता येत नाहीत. पुतण्याला या गाडीवरून कामावर जायचं आहे.

राज्याच्या परिवहन आयुक्तांनी याचा मसुदा काढून हरकती-सूचना मागवाव्यात. तपासणी सुरू झाली तर आमची येझदी घेऊन पहिल्या दिवशी रांगेत उभी राहायची माझी तयारी आहे. तोवर ज्यांनी मागची फ्रेम आधीच कापून घेतली आहे, त्यांनी सीट काढून वेल्डच्या दोन्ही कडा रॉकेलच्या फडक्याने पुसाव्यात आणि उजेडात नीट बघाव्यात. रंगात केसाएवढी जरी रेघ दिसली, तरी ती गाडी चालवू नये. मागे कुणाला बसवू तर नयेच.

आपली नम्र,
एक निवृत्त टर्नर निदेशक, कोल्हापूर