पाळलेला बेडूक कणकुंबीच्या जंगलात सोडू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोन वर्षांपूर्वी मुलाने हट्ट धरून लाल डोळ्यांच्या झाडबेडकांची जोडी घरी आणली. हा बेडूक मध्य अमेरिकेतला. पाठ हिरवीगार, कुशी निळ्या-पिवळ्या, पाय नारिंगी. दिवसभर पाय पोटाखाली ओढून पानाला चिकटून झोपतो आणि दिवेलागणीला डोळे उघडतो. बघत राहावंसं वाटतं, हे मी नाकारत नाही. विकणाऱ्याने मात्र काचेची पेटी आणि रोजचे किडे, एवढंच सांगितलं. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन, आपल्या हाताला राहिलेला साबण थेट त्याच्या अंगात जातो. त्यात आपल्याकडची जानेवारीची थंडी. एक बेडूक गेला, तेव्हा आम्ही हे सगळं शिकलो.

आता मुलगा पुण्याला शिकायला निघालाय. परवा म्हणाला, "पप्पा, याला कणकुंबीकडं सोडून येऊ की. तिथं पाऊस आहे, झाडी आहे, खूश राहील बघा." मायेनेच बोलला. असं बोलणारी घरं आणखीही असतील, म्हणून हे पत्र.

कायट्रिड नावाची बुरशी बेडकांच्या कातडीत वाढते. कातडीतून होणारी क्षारांची ये-जा बिघडते आणि शेवटी हृदय थांबतं. जगात ५०० हून अधिक उभयचर प्रजाती या रोगाने घटल्या, सुमारे ९० नामशेष झाल्याचं मानलं जातं. बेडकांच्या व्यापारातून ही बुरशी देशोदेशी पोचली. वरून धडधाकट दिसणारा बेडूकही ती वाहतो. पश्चिम घाटातही ती सापडली आहे. आपल्याकडे तशी मर दिसलेली नाही, पण म्हणून या बुरशीचा बाहेरचा नवा वाण आपल्या हाताने आणून सोडायचा का?

आणि सोडणार कुठे? पावसाळ्यात जांबोटी-चोर्ल्याच्या बाजूला पाण्यावर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा दिसतो. ते मलबार ग्लायडिंग फ्रॉग या आपल्या झाडबेडकाचं घरटं. पिल्लं त्यातून टपटप खालच्या पाण्यात पडतात. आंबोलीचा टोड हा बेडूक तर आंबोली परिसराबाहेर जगात कुठेच नाही, आणि आंबोली आपल्यापासून दोन तासांवर. कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पलीकडे भीमगड अभयारण्य. तिथल्या डबक्यात पडलेलं पुढे कुठवर जाईल, कोण सांगणार?

पेटीतलं पाणीही गटारात ओतू नये. आमच्या भागातलं सगळं बळ्ळारी नाल्याला जातं आणि पावसात नाला शहापूर-वडगावच्या भातशेतात शिरतो. ब्लीचिंग पावडर घालून, एक दिवस ठेवून संडासात ओतावं. पेटीतली माती कडक उन्हात पूर्ण वाळवावी.

आणखी एक. लाल डोळ्यांचा हा बेडूक साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव कायद्यानुसार अशा परदेशी प्राण्याची केंद्र सरकारच्या 'परिवेश' या पोर्टलवर नोंदणी करावी लागते. विकणाऱ्याने आम्हाला याबद्दल चकार शब्द काढला नाही. ज्यांना आता सांभाळणं झेपत नाही, त्यांनी आधी वनखात्याकडे चौकशी करावी.

उरलेला बेडूक आम्ही ठेवून घेतलाय. रोज संध्याकाळी क्लोरीन उडून गेलेलं शिळं पाणी मीच फवारतो. वनखात्याला एकच विनंती: जांबोटी आणि चोर्ला रस्त्यावर पाऊस लागण्याआधी मराठी व कन्नडमध्ये फलक लावावेत, की पाळलेला कुठलाही प्राणी इथे सोडू नये.

आपला,
एक पालक, टिळकवाडी, बेळगाव